मागचं दार नसलेलं घर

घुमट पडला तेव्हा मी बरोब्बर त्याच्या खाली उभी होते आणि माझं तोंड वर होतं. शांताराम म्हणाला होता, "आक्का, आधी वर बघ." मी वर बघितलं. डोक्यावर काहीतरी कडकडलं, मग सगळं पांढरं झालं आणि धाडकन माझ्या अंगावर कुणीतरी येऊन पडलं.

हा शांताराम माझा धाकटा भाऊ. वेल्ह्याकडच्या आमच्या बौद्धवाडीत त्याचं घर पुढे आणि माझं त्याच्या पाठीला. त्याच्या घराला चार दिशांना चार दारं आहेत आणि चारही पुढची. मागचं दार नाही. तो शब्दसुद्धा त्याच्यासमोर काढायचा नाही. मी एकदा म्हणाले, "शांत्या, मागच्या दाराला कडी घाल, कुत्रं शिरतंय."

"कुत्रं पुढच्याच दारानं शिरतंय," तो म्हणाला. "माझ्या घराला दुसरं दारच न्हाई."

एक दार म्हशीचं. त्यालाही वर कमान आणि खाली पायऱ्या. म्हशीचं नाव मॅडम. संध्याकाळी ती रानातून आली की हा दाराशी उभा राहतो, एक हात पोटाशी, एक हात पुढे, आणि म्हणतो, "वेलकम, मॅडम." मॅडम रोज पायरीला अडखळते. दूधही कमीच देते. मीही दिलं नसतं.

हे वेड मुंबईचं. समुद्राकाठच्या एका जुन्या, मोठ्या हॉटेलात त्यानं सगळी नोकरी केली, पलिस्तर आणि रंगाच्या खात्यात. आता आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा, मिसळ आणि भजी. त्यामुळे पेन्शनीत आल्यावर लोक त्याला लग्नात भजी तळायला बोलवायला लागले. एका लग्नात त्याच्या हातात झारा दिला तेव्हा त्यानं तो मांडवात आपटला.

"आरं, म्या घुमटाखाली काम केलंय, कढईपाशी न्हाई!"

"मग कांदा तरी चिर," आचारी म्हणाला.

मग तो घुमटाची गोष्ट सुरू करतो. खाली काळा घडीव दगड. खिडक्यांना कमानी, कमानींना जाळ्या. मधोमध जिना, त्याला खालून एक खांब नाही, नुसता भिंतीला धरून गोल गोल वर जातो. आणि जिन्याच्या डोक्यावर घुमट. रस्त्यावर टांगे होते त्या काळात राजेमहाराजे पेट्या घेऊन तिथं उतरायचे, आणि आत शिरला की राजासुद्धा आधी वर बघायचा. त्या इमारतीबद्दल एक वदंता आहे, की बांधणाऱ्यानं नकाशा उलटा धरला आणि हॉटेलाचं तोंड मागच्या बाजूला गेलं. ती कुणी काढली की शांताराम लाल होतो.

"सपशेल खोटं. इमारतीला तोंडं किती बी असत्यात. पाठ एकच असती, आन ती नोकरांसाठी."

भोरला बाजाराला गेला की राजवाड्यासमोर भर रस्त्यात मान वर करून उभा. मागून टेम्पोवाला शिव्या देतो. हा म्हणतो, "आधी वर बघा, मग हॉर्न मारा." बायको वारली तेव्हा पोरानं पुण्याला बोलावलं. दोन दिवसांत परत आला. म्हणाला, "फ्लॅटला एकच दार हाय. जीव गुदमरतो."

मग त्यानं घरात घुमट बांधायला काढला. पूर्वेच्या दारातून आत गेलं की जी मोठी खोली लागते, तिच्यावर. खरा घुमट नव्हे. पत्र्याच्या खाली बांबूच्या कामट्या वाकवून बांधल्या, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, त्यावर पलिस्तर. सामान नसरापूरहून टेम्पोनं आलं. अख्खा उन्हाळा हा परातीत पलिस्तर कालवून शिडीवर. पुरा झाल्यावर सगळी वाडी बघून गेली. मी गेले नाही. मी त्याच्याकडे जाते ती मोरीकडच्या दारानं. माझ्या ओट्यावरून उतरलं की तेच जवळ पडतं, आणि चूलही तिथंच आहे.

"आक्का, एकदा पूर्वेकडनं ये की."

"गुडघे तुझ्या बापानं दिलेत का वळसा घालायला?"

"माझा बाप तोच तुझा बाप."

"मग त्यालाच सांग."

त्यानं माझा चहा बंद केला. पूर्वेच्या दारानं आलीस तर चहा. मी घरी करून प्यायले. असं बरेच दिवस चाललं. वाडीतल्या बायका मला विचारायच्या, घुमट बघितला का, आणि मी म्हणायचे, पत्रा बघितलाय, तो त्याच्या वरच असतो.

मग एक दिवस तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. भांडला नाही, चहा मागितला नाही. म्हणाला, "आक्का, तू मुंबईला आलतीस तवा तुला काय दिसलं व्हतं?"

"एका माणसाची पाठ."

तेच दिसलं होतं. मला त्यानं चोरून आत नेलं होतं, बोळातल्या दारानं, भांडी घासायच्या जागेतून, नोकरांच्या जिन्यानं. वर एक दार बोटभर उघडलं आणि कानात म्हणाला, "बघ, घुमट." तेवढ्यात फटीसमोर कोट घातलेला एक माणूस येऊन उभा राहिला. तो हलेना. आम्ही आल्या वाटेनं खाली आलो. बोळात त्यानं विचारलं, "दिसला?" मी म्हणाले, "पाठ दिसली. कोट चांगला होता."

"म्हणून तर बांधला," शांताराम म्हणाला. "म्या त्या घुमटाला हातानं पलिस्तर केलंय, मला काय त्याचं कौतुक? आई गावात लोकांच्या परसदारी ताकाला उभी ऱ्हायची तवा लोटा तुझ्या हातात आन मी तुझ्या कडंवर. ती म्हणायची, खाली बघा रं. मुंबईला बी तुला म्या मागनंच नेलं."

आई तसं म्हणायची, हे खरं आहे. ते त्याला आठवतं हे मला माहीत नव्हतं. तो तेव्हा फारच लहान होता.

मी पदर खोचला. म्हणाले, "चल. पण चहा टाकायचा."

वळसा घालून पूर्वेला गेले. तो धावत पुढे जाऊन दाराशी उभा राहिला, एक हात पोटाशी, एक हात पुढे. "वेलकम, आक्का."

"येडा झालास का," मी म्हणाले आणि आत गेले. शेजारच्या दावणीला मॅडम रवंथ करत होती.

"आक्का, आधी वर बघ," तो दारातूनच म्हणाला. घुमट पांढरा होता. कडेनं निळी वेल काढलेली, आणि मधोमध काचेचा गोल, त्याच्यावरचा पत्रा तेवढाच कापलेला, त्यातून ऊन सरळ माझ्या तोंडावर. चांगला होता. मी तसं म्हणणार होते. तेवढ्यात पत्र्यावर वानरांची टोळी उतरली. त्यातल्या थोरल्यानं उडी मारली असणार, कारण आधी पत्रा दणाणला आणि मग घुमट आला.

घराला चार दारं होती. शांताराम तर दारातच उभा होता, पाऊल मागे टाकलं असतं तरी बाहेर होता. तो आत आला आणि माझ्यावर आडवा पडला. कामट्या आणि पलिस्तराची ढेपं त्याच्या पाठीवर बसली.

धूळ बसायला वेळ लागला. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

"आक्का, लागलं का?"

"तू ऊठ आधी. तुझंच वजन लागतंय."

तो उठला, पाठ चोळली आणि म्हणाला, "दिसला का गं?"

"दिसला. सगळा दिसला."

"वेल?"

"वेल बी दिसली. निळी."

"मग झालं," तो म्हणाला, आणि पडलेल्या काचेकडे बघून हसायला लागला. मलाही हसू आलं. तिकडे मॅडमनं दावं तोडलं होतं. शिंगात जाळी अडकवून ती आमच्या अंगावरून धडपडत गेली, आणि तिच्या मागोमाग आम्ही.

त्या घुमटाखालून जिवंत निघालो ते आम्ही बहीणभाऊ आणि एक म्हैस. पूर्वेच्या दारानं.