महालिंगप्पाचा फोटू

मुरूम गावच्या पेठेत महालिंगप्पाला गंडवणारा माणूस अजून जन्मायचा होता, असं महालिंगप्पाच सांगायचा. गूळ-भुसाराचं दुकान, चाळिशी उलटलेली, मिशा अशा की दोन्ही टोकांवर लिंबू ठेवावं. पोलीस पाटलाच्या हुक्क्यात मिरची त्यानंच टाकली होती आणि ठसका लागल्यावर पाणी घेऊन पळणारा पहिला माणूसही तोच!

पण एवढ्या उचापती करूनही एक इच्छा राहिली होती. फोटूची. निजामाच्या त्या काळात फोटू निघायचे ते नवाबांचे नाहीतर मेलेल्यांचे. ह्या दोन्हीत न बसता, मिशा काळ्या आहेत तोवर आपला एक फोटू भिंतीवर लागावा, एवढंच त्याला वाटायचं.

आणि श्रावणात हैदराबादहून इफ्तेखार साब आले. तिथल्या कॉलेजात शिकवायचे. सोबत तीन पायांचा कॅमेरा, काळं फडकं, फोटू उमटवायच्या काचेच्या प्लेटा आणि औषधाच्या बाटल्या. महालिंगप्पा झब्बा बदलून धावला, तर साब बेन्नीतुरा नदीच्या काठी पालापाचोळ्यात पालथे पडलेले. शोधत होते पैसा किडा! तोच, पावसाळ्यात भिंतीवर चढतो, पाय मोजता येत न्हाईत आणि हात लावला की वेटोळं करून गोल पैशागत पडतो तो. त्याचा फोटू काढायचा, कुठं सापडला ते लिहून घ्यायचं, मग बाटलीत घालायचा, हे साबांचं काम. अख्खी पेठ म्हणाली, बिचाऱ्याला उन्हं बाधली. श्रावणात.

महालिंगप्पानं सरळ विषय काढला. साब फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "एकच प्लेट बची है, मियाँ. असा किडा दाखवा जो मी कधी देखा नाही. फिर आखरी प्लेट तुमची."

"हौ साब. उद्या सकाळी घरी या. बघून फेटा उडंल तुमचा."

साबांनी फेटा घातलेला नव्हता, पण महालिंगप्पाचं डोकं आता चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आंघोळ झाली, महालिंगप्पानं देवळीतली इभूत ओली करून कपाळाला लावली, आणि उरलेली घेऊन परसात गेला. लाकडाखालून बोटाएवढा काळा कुळकुळीत पैसा किडा काढला. म्हटलं, ह्याला पांढरे पट्टे ओढावेत. असला किडा खुद्द निजामानंही बघितला नसंल! काडीनं मन लावून पट्टे ओढले, कडा अंगठ्यानं पुसून सारख्या केल्या, किडा मडक्याखाली झाकला आणि मिशांना तेल लावायला घरात गेला.

इथंच घोळ झाला. चाळीस वर्षं रोज कपाळावर इभूतीचे तीन पट्टे ओढलेला हात तो! किड्यावरही तीनच ओढले. जरा जागा सोडून पुन्हा तीन. डोक्यापासून शेपटापर्यंत, तीन तीन.

उमाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, नेमकं तेच मडकं पाहिजे होतं.

तिनं मडकं उचललं. श्रावणी सोमवार, आणि पायाशी कपाळभर इभूत लावून वेटोळं घालून बसलेला जीव! तिचा आवाज शेजारच्या शांताक्काच्या चुलीपर्यंत गेला, शांताक्काचा वेशीपर्यंत. महालिंगप्पा एका मिशीला तेल लावून बाहेर येतोय तोवर परसात पाय ठेवायला जागा न्हाय. कुणी बेल वाहतंय, कुणी नारळ फोडतंय. शांताक्का तर कन्नडातून त्याच्याशी सुखदुःखाचं बोलत होती.

तेवढ्यात साब आले. वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि औषधाची बाटली काढली.

उमाबाई आडवी झाली. "साब, हा बाटलीत जाणार न्हाय. आधी मला बाटलीत घाला."

बाटली लहान होती. साबांनी ती परत खिशात ठेवली.

महालिंगप्पाला दोन वाक्यांत सगळं मिटवता आलं असतं. पण खरं सांगावं तर साबांची प्लेट जाणार, आणि बायको आयुष्यभर जेवण वाढताना डोळे वटारून बघणार. त्यानं बिनतेलाची मिशी पिळायला घेतली. मग गर्दीतूनच तोडगा निघाला: देवाचा जीव मारायचा न्हाय, पण फोटू काढायला काय हरकत? पूजेला होईल!

"पण साब," महालिंगप्पा कळवळला, "ती आखरी प्लेट..."

"अवो, देवापुढं तुमच्या मिशा कुठं घेऊन बसलात?" उमाबाई म्हणाली, आणि अख्खं परस तिच्या बाजूनं.

त्यात गर्दीला भिऊन किडा चालायला लागला. त्याला धरणार कोण? देवाला हात लावायची छाती कुणाची? साबांनी बोट महालिंगप्पाकडं केलं. बिचारा उकिडवा बसला, अंगठ्यानं किड्याची वाट अडवली आणि श्वास रोखून धरला. खट! आखरी प्लेट गेली.

जाताना साब त्याच्या कानाशी म्हणाले, "फिकर नक्को, मियाँ. मी जबान दिली होती. आप की तसवीर आ जायेगी."

त्यावर महालिंगप्पानं दिवाळीपर्यंत दिवस काढले. दिवस कसले! उमाबाईनं त्या दिवसापासून पैसा किड्याला केरसुणी लावायची बंद केली. हंड्यावर किडे, उशाखाली किडे, गुळाच्या ढेपीवर किडे. एक झब्ब्यात शिरून दुकानापर्यंत जाऊन आला.

दिवाळीत हैदराबादहून पुडकं आलं. पेठेतली माणसं जमली. उमाबाईनं कागद सोडला. आत मोठा थोरला फोटू! मधोमध किडा, कडेला अंगठा. नखावर, पेरावर, कडेकडेनं किड्यावरचीच पांढरीशुभ्र इभूत. मिशा न्हाईत, फेटा न्हाय, नुसता अंगठा. पण काय स्वच्छ आला होता!

उमाबाईनं फोटूकडं बघितलं. मग नवऱ्याच्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठा हळूच मुठीत गेला.

तिनं फोटू देवळीवर टांगला, माणसांना फराळ दिला, वाटेला लावलं, आणि कोपऱ्यातली केरसुणी आणून नवऱ्याच्या हातात दिली.

"ह्या घरातला एकूण एक किडा उचलून परसात सोडायचा," ती म्हणाली. "आणि झाडताना फोटूकडं बघत ऱ्हावा. लई देखणे आलाय तुमी."