अठ्ठ्याण्णवच्या घरातला साप

शंकरतात्यांच्या सोंगटीला साप चावला की ते आधी डोक्यावरची टोपी काढत. मग दोन मिनिटं गप्प. तेवढ्यात कुणी फासा उचललाच तर म्हणत, "आरं गड्यांनो, मढं झाकू तरी द्या की!"

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी माधवनगरला शाळामास्तर होतो आणि तात्या शेजारच्या खोलीत. गिरणीत मागावर काम, पन्नाशी उलटलेली, घरात एकटा जीव. सापशिडी हा पोरासोरांचा खेळ, असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. त्यांच्या प्रत्येक सोंगटीला नाव, गाव, आजारी बाप आणि ठरलेलं लग्न असायचं. शिडी मिळाली की तात्या तोंडानंच सनई वाजवत. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "मास्तर, तुमी नुस्ती घरं मोजताय. सोंगटीच्या जिवाचं काय हुतंय, त्ये बघत न्हाई." खरं सांगतो, तेव्हापासून सोंगटी खाली सरकवताना मलाही जड जायला लागलं.

एका गणपतीत त्यांनी सापशिडीचं नाटकच बसवलं. मैदानात चुन्यानं शंभर घरं आखली. सोंगटी म्हणजे सुट्टीवर गावी निघालेला फौजी. शंभराव्या घरात त्याची आई. आणि अठ्ठ्याण्णवच्या घरातला साप खुद्द तात्या, अंगाला रंगवलेली गोणपाटं गुंडाळून. चावण्याआधी सापानं करायचं भाषण पाऊण तासाचं होतं; घासाघीस करून मी ते दहा मिनिटांवर आणलं.

संध्याकाळी खेळ चांगला रंगला. फौजी अठ्ठ्याण्णववर आला, तात्यांनी फणा काढला, भाषण सुरू झालं. तोच पुढच्या रांगेतून आमच्या आळीतल्या तानूमावशी उठल्या. त्यांचा एकुलता मुलगा पलटणीत होता आणि तीन महिने त्याचं पत्र नव्हतं.

"आरं, सोड की रं त्येला! घरला जाऊ दे!"

तात्यांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग ते बाजूला सरकले आणि फौजीला म्हणाले, "जा बाबा. माजं प्वाट भरलंय."

दुसऱ्या दिवसापासून गिरणी सुटली की तात्या पट काखोटीला मारून मावशींकडे हजर. मावशी खेळात महानिर्दय. तात्यांची सोंगटी सापाच्या तोंडी गेली की टाळी वाजवून म्हणत, "लय बेस झालं!" त्या हसल्या की तात्यांना मेलेल्या सोंगटीचंही दुःख राहत नसे.

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. मुलगा खुशाल होता. मावशींच्या आधी तात्याच रडले, आख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं. मग डोळे पुसून पटाची घडी घालत हळूच म्हणाले, "मावशे, पत्र तर आलं. आता उद्यापास्नं... यिऊ का नगं?"

मावशी चुलीवर आधण ठेवत होत्या. त्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मग जाशील कुटं रं?" त्या म्हणाल्या. "बस. च्या घे."