सात नंबरच्या कपाटाचा निकाल

सुसंस्कृत समाजात प्रत्येक माणसाची एक आवडती प्रेमकथा असावी लागते, आणि ती बाकीच्यांच्याही आवडीची असली की चर्चेत वेळ फुकट जात नाही. हे तत्त्व वाचनालयाच्या कार्यकारिणीला मान्य होतं. म्हणूनच वाचकांची अभिरुची घसरत चालल्याची तक्रार आली (खाली सही नव्हती, पण अक्षर अध्यक्षांचं होतं), तेव्हा कार्यकारिणीने मतदान घ्यायचं ठरवलं. सभासदांनी आपली सर्वांत आवडती प्रेमकथा कळवावी. जिला सर्वाधिक मतं पडतील तिला काचेच्या कपाटात मानाची जागा मिळेल, आणि ते काचेचं कपाट मावावं म्हणून सात नंबरचं कपाट रद्दीत काढण्यात येईल (कारण: त्यातल्या सर्व कादंबऱ्यांचा शेवट लग्नात होत असून तो हलका आहे).

ही सूचना वाचून ग्रंथपालबाईंनी सात नंबरमधली पुस्तकं पुन्हा एकदा मोजली. सात नंबरमध्ये दोनशे चौदा कादंबऱ्या होत्या, सगळ्या दीडशे पानांच्या आतल्या. डॉक्टर आणि नर्स, वैमानिक आणि शिक्षिका, कारखान्याचा मालक आणि त्याच्या तोंडावर राजीनामा फेकणारी टायपिस्ट. बाई बावीस वर्षं या कपाटाशेजारी बसत होत्या आणि दुपारी डबा खाताना त्यातलं एखादं पुस्तक त्यांच्या मांडीवर असे. टायपिस्ट त्यांनी अकरा वेळा वाचली होती. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. पण संध्याकाळी कुलूप लावताना आत दोनशे चौदा संसार सुखाने चालले आहेत, एवढाच त्यांना आधार वाटे.

आकडेवारी कपाटाच्या बाजूची होती. देवघेवीच्या वहीप्रमाणे दर दहा पुस्तकांपैकी सात याच कपाटातून जात. मात्र ती कोणीही वाचत नसे, हेही वहीवरूनच सिद्ध होत होतं. दंतवैद्य ती बायकोसाठी नेत. बायको ती सासूसाठी नेई. सासूबाई स्वतः आल्या की "शेजारणीने मागितलंय हो," असं कोणी न विचारताच सांगत. शिंप्याला ती दुकानात खोळंबलेल्या गिऱ्हाइकांसाठी हवी असत. अध्यक्ष (निवृत्त मुख्याध्यापक, विषय भूमिती) आठवड्याला तीन नेत, समाजाचं अधःपतन कुठवर आलंय ते पाहायला. ते शेवटच्या पानापर्यंत आलेलं असे, कारण चष्मा पुसायचं फडकं अध्यक्ष नेहमी तिथेच विसरत.

मतपेटी बाईंच्या टेबलावर ठेवण्यात आली. मतपत्रिकेवर नाव, सही आणि सभासद क्रमांक लिहायचा होता (मतदान गुप्त असल्याने तो शेजाऱ्याला दाखवायचा नव्हता). तीनशे सहा मतांपैकी तीनशे सहा एकाच कादंबरीला पडली. सहाशे ऐंशी पानं, तपकिरी कापडी बांधणी, आणि शेवटी बोट सुटते, तो धक्क्यावर उभा राहतो. वाचनालयात एकमताने झालेलं हे पहिलंच काम. त्या तीनशे सहात एक मत बाईंचं होतं. आधी त्यांनी टायपिस्टचंच नाव लिहिलं होतं, पण मोजणीला अध्यक्ष बसणार हे आठवलं आणि ती मतपत्रिका फाडून त्यांनी दुसरी लिहिली. एवढ्या एका गोष्टीची त्यांना मनापासून लाज वाटते.

सत्कारसमारंभात अध्यक्ष त्या शेवटच्या प्रसंगावर पाऊण तास बोलले. तिघीजणी रडल्या, दंतवैद्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. मग काचेमागे ठेवण्याआधी पुस्तक पुसायला बाईंकडे आलं. जुन्या पद्धतीचं पुस्तक ते, पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. वाचणाऱ्याने सुरीने एकेक पान सोडवत पुढे जायचं. बत्तीसाव्या पानापुढे कोणीही गेलेलं नव्हतं. पुस्तक वाचनालयात येऊन एकेचाळीस वर्षं झाली होती.

बाईंनी डब्यातली फळं कापायची सुरी काढली आणि सुटीचा अख्खा दिवस बसून कादंबरी संपवली. बोट सुटते, हे खरं. पण मैलभर जाऊन बंद पडते, तिला ओढून परत आणतात, आणि तो तिथेच उभा असतो. पुढच्या प्रकरणात लग्न. शेवटची चाळीस पानं नव्या घराला पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत यावर आहेत (पिवळे घेतात). बाईंना रडू आलं. कादंबरी छान होती म्हणून आणि आता आपलं कपाट बचावणार म्हणूनही.

दुसऱ्या दिवशी त्या अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या. "सर, हिच्याही शेवटी लग्नच आहे. मग सात नंबरने कुणाचं काय घोडं मारलंय?"

अध्यक्षांनी शेवटची पानं उभ्याउभ्या चाळली. "बाई, पानं कुणाच्या परवानगीने कापलीत?"

"वाचायला कापली, सर."

"वाचायला दुसरी पुस्तकं नव्हती का?"

"होती. ती तुम्ही रद्दीत काढताय."

तातडीच्या सभेत ठराव क्रमांक नऊ संमत झाला. कादंबरीचा शेवट वाचकांच्या स्पष्ट मताशी विसंगत असल्यामुळे बोट सुटल्यानंतरचा भाग बाइंडरकडून शिवून कायमचा बंद करून घ्यावा. तीनशे सहा सुशिक्षित माणसांपेक्षा एकट्या लेखकाला जास्त कळतं, असं मानण्यास कार्यकारिणीला आधार सापडला नाही.

आठवडा संपायच्या आत सात नंबर रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढलं. यादीत पुस्तकं दोनशे चौदा होती, गाडीवर एकोणीस. बाकीची आदल्या दिवशी 'शेवटचं बघून घ्यायला' आलेल्या सभासदांच्या पिशव्यांतून गेली होती. टायपिस्ट अध्यक्षांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती. बाईंनी ती पाहिली आणि त्या गप्प बसल्या, कारण त्याही तिलाच घ्यायला निघाल्या होत्या आणि दोन मिनिटं उशिरा पोचल्या होत्या. हल्ली दुपारी त्या नुसता डबा खातात.

तुम्हाला हसू आलं असेल. न वाचलेल्या पुस्तकाला मत देणाऱ्यांना हसायलाच हवं. फक्त एवढं सगळं वाचून होईपर्यंत ती कादंबरी कोणती, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला ती लगेच ओळखू आली. कॉलेजात असताना एका बैठकीत वाचून काढली होती, असंसुद्धा आठवलं.