पाहुण्यांच्या बाजूचे पास्कोलकाका

पास्कोलकाका विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या प्रत्येक होम मॅचला आमच्याच गाडीतून यायचे, वाटेत आमच्याशी पोटभर गप्पा मारायचे, आणि हॉलमध्ये शिरलं की आमची साथ सोडून समोरच्या बाजूला जाऊन बसायचे. पाहुण्या टीमच्या बाजूला. मग दोन तास आमच्याविरुद्ध टाळ्या वाजवायचे, आणि परत येताना पुन्हा आमच्याच गाडीत बसायचे.

समोरून कुठली टीम आलीय हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊकही नसायचं. "निळे कपडे आहेत, एवढं पुरे," म्हणायचे. पाहुण्यांची बाजू जवळजवळ रिकामी असे. दोन-चार पालक, एखादा ड्रायव्हर, आणि मधोमध इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले, मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात एकतीस वर्षं स्टोअरकीपर असलेले, वसईचे पास्कोलकाका. उभे राहून, दोन्ही हात तोंडाभोवती धरून ते ओरडायचे, "यल्ला पाहुणे, यल्ला!" पाहुण्या मुलींना त्यातला अर्धाच भाग कळायचा, 'यल्ला' म्हणजे अरबीत 'चला' एवढाच, पण तेवढ्याने त्या पळायच्या.

आमच्या बाजूला आठशे पोरं ढोल बडवत असायची. तरी काकांचा आवाज ऐकू यायचा. गोदामात जहाजांचे सुटे भाग उतरवताना क्रेनवाल्याला हाका मारून मारून कमावलेला आवाज होता तो.

इथे आखातातल्या बेटावर, माहूज भागातल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहायचे, बायको फिलोमिना आणि मुलं वसईला; आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आम्ही म्हणजे मी, माझी बायको सुनंदा आणि मुलगी श्रावणी. मी मूळचा परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. त्यामुळे विद्यापीठ म्हटलं की मला अजून बाहेर चपला काढाव्याशा वाटतात. माझ्या शाळेत खेळ म्हणजे खोखो, आणि मैदान म्हणजे बाजाराचा दिवस सोडून बाजाराची जागा. आणि आता माझी मुलगी परदेशातल्या विद्यापीठात, चकचकीत लाकडी जमिनीवर, पाठीवर अकरा नंबर लावून खेळत होती. बाकावर बसलेली असली तरी मला ती खेळतेय असंच वाटायचं. पहिल्या मॅचला मी राष्ट्रगीताला उभा राहिलो तो पहिला बास्केट पडेपर्यंत बसायलाच विसरलो. मागच्या पोराने हळूच शर्ट ओढला.

श्रावणीच्या हातात पहिला बॉल दिला तो पास्कोलकाकांनीच. ती दहा वर्षांची होती. त्यांनी पार्किंगच्या खांबाला लोखंडी कडी ठोकली, आणि रोज संध्याकाळी ड्युटीवरून आले की जेवणाचा डबा गाडीच्या बॉनेटवर ठेवून तिला शिकवू लागले. स्वतः ते वसईत चर्चच्या पॅरिशच्या टीममध्ये खेळलेले. "गुडघा वाकव, बाय. बॉल हाताने नाही, गुडघ्याने जातो." श्रावणीचं मराठी समजण्यापुरतं, उत्तर कायम इंग्रजीत. काकांचं इंग्रजी गोदामापुरतं. पण दोघांचं छान जमायचं.

त्यांचा सगळा संसारच एका नियमावर चालायचा: पाहुणे आधी. गोदामात बाहेरगावचा ट्रक आला तर आधी ड्रायव्हरला चहा, मग माल. लिफ्टमध्ये कोणी अनोळखी दिसला तर काका बाहेर पडून जिन्याने जायचे. आणि मॅचला जाताना त्यांच्या पिशवीत सुकेळी असायची. वसईत पिकलेली केळी उन्हात वाळवून करतात ती, तपकिरी, मधासारखी गोड. त्यांची बहीण दर हंगामात पाठवायची. "खेळाडूला केळं हवंच," काका सांगायचे, "आणि हे केळं बॅगेत चेपत नाही."

मध्यंतरात ते खाली उतरून पाहुण्या मुलींना एकेक सुकेळं वाटायचे. पहिल्यांदा दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडली आणि आतले ते काळपट, सुरकुतलेले तुकडे बघून दोन पावलं मागे सरकला. "हे काय आहे?" त्याने अरबीत विचारलं. काकांनी एक तोडून स्वतः खाल्लं, एक त्याला दिलं. त्याने खाल्लं, डोळे मिटले, आणखी एक मागितलं. "मफी, आता नाही," काका म्हणाले. "बाकीची पाहुण्यांची आहेत." तो त्या हॉलचाच माणूस, म्हणजे यजमान. आम्ही तर यजमानच. इतक्या वर्षांत श्रावणीला त्या हॉलमध्ये सुकेळं म्हणून मिळालं नाही. घरी मागितलं असतं तर अख्खी पिशवी दिली असती.

आमच्या घरी आले की मात्र काका स्वतः पाहुणे व्हायचे, आणि तेही कडक. दार उघडं असलं तरी बेल वाजवायचे. खुर्चीच्या कडेवर बसायचे. वाढलेलं सगळं संपवायचे आणि "फर्स्ट क्लास" म्हणायचे. एकदा सुनंदा आमटीत मीठ घालायलाच विसरली होती. काकांनी दोन वाट्या संपवल्या आणि म्हणाले, "फर्स्ट क्लास."

त्या वर्षी मार्चअखेर काका रिटायर होणार होते. व्हिसा संपणार, तिकीट काढून झालेलं. आणि श्रावणीचं एकच म्हणणं होतं: काका जायच्या आत एकदा तरी त्यांनी तिच्यासाठी टाळी वाजवावी.

तिने आडून आडून सुचवून पाहिलं. शेवटी सरळ सांगितलं, "काका, वन गेम. सिट विथ बाबा."

काका अवघडले. "बाय, तुला आठशे लोक आहेत. त्यांना कोण आहे?"

"बट यू नो मी."

"म्हणून तर. तुझी मला काळजी नाही."

मग फेब्रुवारीतली ती मॅच झाली. श्रावणीला उतरवलं होतं, आणि दोन गुणांनी मागे असताना तिला फ्री थ्रो मिळाला. सगळा हॉल श्वास रोखून शांत. बॉल कडीवर आपटला आणि बाहेर आला. पाहुण्या टीमच्या एका ठेंगण्या मुलीने उडी मारून तो झेलला, आणि त्या शांततेत एकाच माणसाची टाळी वाजली. जोरात. "शाब्बास, पाहुणे!"

श्रावणीने त्या दिशेने पाहिलं. एवढ्या लांबूनही मला तिचा चेहरा दिसला.

त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर परतली नाही, मैत्रिणींबरोबर गेली. गाडीत मी आणि काकाच. मला राग आला होता, पण शेजारी वडीलधारा माणूस. शेवटी म्हणालो, "काका, आज राहू द्यायचं होतं."

"ती ठेंगणी पोर बघितली तुम्ही? केवढी उडी मारली. आणि तिच्या बाजूचा ड्रायव्हर मोबाईल बघत होता." मग म्हणाले, "भुसारे, मी दर वर्षी तीस दिवस घरी जातो. गेल्या खेपेला सकाळी उठलो, फिलोमिना चहा घेऊन आली. कपबशीत. तिचा आणि पोरांचा चहा स्टीलच्या पेल्यांत. आणि मला विचारते, साखर पुरे का?"

मी सिग्नलकडे बघत राहिलो.

"तिची काय चूक? मी हल्ली किती साखर घेतो हे तिला कसं कळणार? जेवायला काचेचं ताट. मुलगा विचारतो, डॅडी, आणखी काही हवं का. चांगली माणसं आहेत हो. काही म्हणजे काही कमी पडू देत नाहीत." ते हसले. "आणि इथे माझ्या कार्डावर तारीख लिहिलेली असते, किती दिवस राहायचं त्याची. तिथेही पाहुणा आणि इथेही. यजमान सगळीकडे चांगलेच असतात. पण पाहुण्याच्या नावाने ओरडणारं कोणी नसतं. तेवढं एक मी करतो."

श्रावणी घरी आल्यावर मी हे तिला सांगितलं. पण त्या दिवसापासून पार्किंगमध्ये काका दिसले की ती दुसऱ्या दाराने जायला लागली. काका रोज कडीखाली बॉल घेऊन थोडा वेळ उभे राहायचे, मग आत जायचे.

हंगामाची शेवटची मॅच होती ती काकांच्या विमानाच्या दोन दिवस आधी, आणि ती आमच्या हॉलमध्ये नव्हती. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यापीठात होती. सुनंदाची हॉस्पिटलात शिफ्ट. मी एसीच्या कंपनीत इंजिनिअर, आणि त्याच दुपारी एका नव्या इमारतीचं हॅण्डओव्हर. श्रावणी सकाळी बूट बांधता बांधता म्हणाली, "इट्स ओके, बाबा. नोबडी कम्स टू अवे गेम्स."

इमारतीच्या गच्चीवर साहेब एकेका यंत्राचा आवाज कान लावून ऐकत होते आणि मी घड्याळ बघत होतो. सहीसाठी त्यांनी पेन काढलं तसा मी जिन्याकडे सरकलो. गाडी कशी चालवली ते सांगत नाही. हॉलच्या दारात पोचलो तेव्हा शेवटची सहा मिनिटं उरली होती, आणि आतून यजमान पोरांचे ढोल आणि भोंगे असे वाजत होते की भिंतीला हात लावला तर हादरा जाणवायचा.

पाहुण्यांची बाजू कुठली हे मला विचारावं लागलं नाही.

"यल्ला पाहुणे, यल्ला! गुडघा वाकव, बाय!"

रिकाम्या बाकांच्या मधोमध, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर सुकेळ्यांची पिशवी. दोन बस बदलून आले होते. मी धावत जाऊन शेजारी बसलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उशीर केलात. पोर कधीची आत आहे."

"काका, तुम्ही इथे?"

"इथे म्हणजे? मी माझ्याच जागेवर बसलोय."

पुढची सहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही चार गुणांनी मागे, मग दोन, मग पुन्हा चार. मानवतच्या शाळेत मला मुका म्हणायचे, पण त्या दिवशी मी काय काय ओरडलो ते मलाच आठवत नाही. काका एका हाताने टाळी कशी वाजवावी हे शोधून काढत होते, कारण दुसऱ्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं होतं. एका गुणाने मागे, नऊ सेकंद, आणि श्रावणी धक्का खाऊन पडली. दोन फ्री थ्रो.

ढोल, भोंगे, शिट्ट्या. अख्खा हॉल तिने चुकावं म्हणून ओरडत होता. ती रेषेवर उभी राहिली आणि तिने आमच्याकडे पाहिलं. काका उभे होते. ओरडले नाहीत. त्यांनी फक्त स्वतःचे दोन्ही गुडघे वाकवले. साठीचा माणूस, बाकांच्या मधे, अर्धवट बसल्यासारखा. आणि तिने पहिला थ्रो टाकेपर्यंत ते तसेच राहिले.

आत.

"तसंच राहा," मी म्हणालो. "उठू नका, काका."

"उठता येतच नाहीये," ते म्हणाले.

दुसरा कडीवर नाचला आणि आत पडला. यजमानांनी मैदानाच्या मधूनच बॉल भिरकावला, तो फळीवर आपटून आमच्या दिशेने आला, आणि शिट्टी वाजली. आम्ही एका गुणाने जिंकलो. श्रावणी सरळ बाकांवर चढून आली. काकांनी पिशवी उघडली आणि सगळ्यांत मोठं सुकेळं तिच्या हातावर ठेवलं, प्रसादासारखं. तिने ते तिथेच, दोन घासांत संपवलं. मग काका जरा विचारात पडले. यजमान मुली रडत बसल्या होत्या. हरलेल्या यजमानांबद्दल त्यांच्या नियमात काही नव्हतं. शेवटी उरलेली पिशवी घेऊन, गुडघा चोळत, ते तिकडेही गेले.

दुसऱ्या दिवशी काकांना आमच्याकडे निरोपाचं जेवण होतं. सुनंदाने कपाटातून जिदहफ्सच्या बाजारातला फुलाफुलांचा डिनर सेट काढला. काकांनी बेल वाजवली, आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांच्यासमोर काचेचं ताट होतं. श्रावणीने ते उचललं, कपाटात परत ठेवलं, आणि स्वयंपाकघरातून स्टीलचं ताट आणून मांडलं. माझ्या आईने दिलेलं, "चि. श्रावणी" असं नाव कोरलेलं, कडेला मोठा पोचा असलेलं. ती त्यातच रोज जेवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

"अगं, ते कशाला?" सुनंदा म्हणाली.

काकांनी नाव वाचलं. पोच्यावरून बोट फिरवलं. "हा कशाने?"

"युअर बॉल," श्रावणी म्हणाली. मग जरा थांबून, शब्द जुळवत, "तुम्ही दिलेला. घरात खेळत होते."

ती काचेच्या ताटात जेवली. दोन-तीन घास झाल्यावर काका उठले, कुणालाही न विचारता आमच्या स्वयंपाकघरात गेले, आणि मिठाची बरणी घेऊन आले.

"भाजी अळणी झालीय, सुनंदा," ते म्हणाले, आणि खुर्चीला पाठ टेकून नीट बसले.

सुनंदाच्या स्वयंपाकाला असं म्हणायची आमच्याकडे कोणाची हिंमत नाही. तिने बरणी त्यांच्या हातातून घेतली, आणि आधी त्यांच्या ताटात मीठ वाढलं.