वाढत्या अंगाचा झगा

“माझ्या हातचा कपडा विरेल, विटेल, त्याला उंदीर लागतील, पण तोकडा? तोकडा कधीच होणार नाही!”

टेलरमास्तर हे वाक्य दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि ते खोटंही नव्हतं. जादा कापड कापून टाकणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. ते सगळं आतल्या बाजूला दुमडून ठेवायचे आणि वर सांगायचे, “मार्जिन सोडलंय! माणूस आज आहे त्यापेक्षा उद्या जास्तच असतो!” मोठ्या माणसांच्या बाबतीत हे फक्त पोटापुरतं खरं ठरायचं, पण गिऱ्हाइकं खूश असायची.

इथपर्यंत ठीक होतं. पण मास्तरांना मुलगी झाली आणि त्यांच्या मार्जिनला काही धरबंधच उरला नाही!

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मास्तरांनी पाळण्यात डोकावून पाहिलं, तर त्यांना थेट दप्तर घेऊन शाळेत निघालेली मुलगी दिसली, आणि त्यांनी त्या मापाचं झबलं बेतलं. त्या झबल्यात बाळ नेमकं कुठे आहे हे बघायला आजीला कोपरापर्यंत हात आत घालावे लागायचे! बायको म्हणाली, “अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत.” मास्तर म्हणाले, “पाय तर पसरणारच आहेत. अंथरूणच मोठं शिवू!” एवढ्या कापडातून पोरीचं चोचीएवढं तोंड तेवढं बाहेर दिसायचं, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणू लागले.

चिमणी पहिलीत गेली तेव्हा तिच्या स्कर्टाने वर्ग आपोआप झाडला जायचा. दरवर्षी मास्तर त्याची एक दुमड सोडायचे. दुमड होती तिथे गडद पट्टा दिसायचा, त्यामुळे झाडाचं वय खोडाच्या वळ्यांवरून सांगतात तसं चिमणीचं वय स्कर्टाच्या पट्ट्यांवरून सांगता यायचं. शेवटची दुमड सुटून तो स्कर्ट एकदाचा अंगाबरोबर बसला, त्याच आठवड्यात तो बसता बसता टर्रकन फाटला.

सातवीत गेल्यावर मात्र चिमणी एक दिवस दुकानात आली आणि कमरेवर हात ठेवून मशीनसमोर उभी राहिली.

“बाबा, माझ्याकडे आज बसणारा एकही कपडा नाही! एक तर तो पुढच्या वर्षी बसणार असतो, नाहीतर बसायला लागेपर्यंत फाटलेला असतो!”

“अगं, वाढतं अंग—”

“ते वाढतं अंग राहू दे! शाळेच्या नाटकात मी राजा झालेय. नाटकाच्या बाईंनी झग्यासाठी स्टेजचा जुना पडदा दिलाय.” तिने किरमिजी मखमलीचा भलामोठा गठ्ठा धप्पकन टेबलावर टाकला. “झगा आजच्या मापाचा हवा. आत बोटभरही दुमडायचं नाही. आणि या वेळी पुन्हा मार्जिन सोडलंत, तर सांगून ठेवते, यापुढे मी रेडीमेड घालणार!”

रेडीमेड! मशीन थांबलं. कोपऱ्यात काजं करत बसलेल्या बायकोची सुई थांबली. टेलरच्या मुलीच्या अंगावर रेडीमेड? खानावळवाल्याच्या घरी बाहेरून डबा येण्यातलाच प्रकार! मास्तरांना भरल्या दुकानात एकदम पोरकं वाटलं.

“आजच्या मापाचा!” त्यांनी घाईघाईने कबूल केलं आणि माप घ्यायला टेप काढली. पूर्वी चिमणीचा खांदा मोजायला त्यांना गुडघ्यावर बसावं लागायचं. आज ते बसले, तर खांदा सापडेना! उभे राहिले, तेव्हा तो त्यांच्या छातीपाशी मिळाला. मास्तरांनी टेपेकडे संशयाने पाहिलं.

“टेप आटलेली दिसतेय,” ते पुटपुटले.

झगा बेतून झाला. आता खालचं कापड कापायचं, की काम संपलं. आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं! कात्री मखमलीजवळ जाई आणि परत येई. एवढं कापड! एवढं चांगलं कापड! आज पोरगी शाळेत राजा झाली, उद्या कॉलेजात सम्राट होईल. पुढे कधी थंडीवाऱ्याला अंगावर घेईल. म्हातारपणी गाऊन म्हणून वापरेल! मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि सगळीच्या सगळी मखमल घड्या घालून अस्तराच्या आत, अगदी बाह्यांतसुद्धा कोंबली.

बरं, दरवर्षी या घड्या सोडायच्या कशा? त्यावरही त्यांनी डोकं चालवलं. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवलेलं असतं ना, दोऱ्याचं बरोबर टोक ओढलं की सगळी शिवण सरसरत सुटते, तसली शिवण त्यांनी घातली. दरवर्षी टोक वीतभर ओढायचं, झगा वीतभर वाढेल!

“अहो, जित्याची खोड...” बायको म्हणाली.

“तू काजं कर!”

चिमणीने झगा घालून पाहिला. बसला तर अगदी अंगाबरोबर! पण तिचा चेहरा काही सैल होईना.

“बाबा, हा इतका जड का?”

“राजाचा आहे. हलका कसा असेल?”

“आत काही दुमडलेलं नाही ना? माझी शपथ?”

“ऊठसूट शपथा घालू नयेत, वाईट सवय आहे,” मास्तर म्हणाले आणि नुकतंच तेल घातलेल्या मशीनला पुन्हा तेल घालू लागले.

नाटकाच्या दिवशी मास्तर आणि बायको पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडदा उघडला. हा नवा पडदा निळा होता. सिंहासनासमोर किरमिजी झग्यातली चिमणी ताठ उभी होती, आणि सभागृहात टाळ्याच टाळ्या! मास्तरांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाला कोपराने ढोसलं.

“झगा मी शिवलाय,” ते म्हणाले. “राजाही माझाच!”

आता राजाच्या मागे प्रधान उभा होता. प्रधानाचं काम वर्गातल्या सगळ्यात टापटीप मुलीकडे होतं. ही मुलगी दुसऱ्यांच्या कॉलरी सरळ करायची, दुसऱ्यांच्या चपला जोडीने लावायची. तिने फक्त हात जोडून उभं राहायचं होतं. पण तिच्या नाकासमोर राजाच्या पाठीवरून एक पांढरा दोरा लोंबत होता! पहिलं भाषण तिने कसंबसं सोसलं. दुसऱ्या भाषणात तिची बोटं वळवळू लागली. तिसऱ्या भाषणात “महाराजांचा विजय असो!” असं ओरडून तिने दोरा धरला आणि खसकन ओढला.

सर्रर्रर्रर्र!

तो आवाज सभागृहात सगळ्यांना ऐकू आला, पण ओळखला एकट्या मास्तरांनी. आपल्या हातची शिवण ती! त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आधी राजाचे पाय दिसेनासे झाले. मग “ही तलवार साक्ष आहे!” असं म्हणत राजाने तलवार उगारली, तेवढ्यात बाही धबधब्यासारखी खाली आली आणि तलवार गिळून बसली. प्रधान घाबरला. दोरा अर्धवट राहिला म्हणून हे होतंय अशी त्याची समजूत झाली आणि तो दोन्ही हातांनी उरलेला दोरा खेचू लागला! मखमल भसाभस बाहेर पडत होती. ती सिंहासनावरून वाहिली, पुठ्ठ्याच्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत पोचली, आणि राजा मध्येच अडकून “प्रधानजी, सोडा! सोडा म्हणते ना!” असं ओरडत होता.

मास्तरांना राहवेना. खिशात छोटी कात्री कायम असायची, ती काढून ते स्टेजवर चढले आणि वाकून, दबकत राजाकडे निघाले.

दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचे भाले घेतलेले शिपाई उभे होते. नाटकभर त्यांना नुसतं उभं राहायचं होतं आणि ते कंटाळून अर्धमेले झाले होते. राजावर कात्री घेऊन चाल करणारा माणूस बघताच त्यांच्या जिवात जीव आला!

“दगा! दगा!” ते आनंदाने किंचाळले आणि मास्तरांवर तुटून पडले.

पण “दगा!” हीच तर शत्रूने स्टेजवर यायची खूण होती, आणि तीही दुसऱ्या अंकातली! विंगेत बिस्किटं खात बसलेलं शत्रूचं सैन्य तोंडातल्या घासासकट धावत सुटलं. पहिल्या सैनिकाचा पाय मखमलीवर पडला, आणि अख्खं सैन्य घसरगुंडीवरून यावं तसं एकामागून एक राजाच्या पायाशी येऊन पोचलं. शत्रूचा राजा तर मखमलीच्या खालीच शिरला. कापडाखालून एक टेंगूळ इकडून तिकडे फिरू लागलं आणि त्यातून आवाज आला, “मी शरण आलोय! पण बाहेर कुठून येऊ?”

“पडदा!” नाटकाच्या बाई विंगेतून ओरडल्या. “पडदा ओढा!”

शाळेच्या शिपाईकाकांनी आजवर किरमिजी पडदाच ओढला होता. आज पडदा निळा आहे हे त्यांच्या डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. सरपटत विंगेत आलेली किरमिजी मखमल त्यांनी सवयीने पकडली, पाय भिंतीला लावले आणि सगळ्या ताकदीने ओढली! निळा पडदा जागचा हलला नाही. राजा, सिंहासन, शत्रू, दोन झाडं आणि पाठीवर शिपाई बसलेले मास्तर मात्र डुलत डुलत विंगेकडे निघाले.

“थांबा!!”

चिमणीचा आवाज! असा आवाज मास्तरांनी घरी कधी ऐकला नव्हता. शिपाईकाकांनी मखमल सोडली. शिपाई गप्प, शत्रू गप्प. प्रेक्षकांचं हसूसुद्धा थांबलं.

राजाने ढीगभर झगा छातीशी गोळा केला. तिचा चेहरा त्या मखमलीच्या रंगाचा झाला होता.

“प्रधानजी, हा कोण?”

दोऱ्याचं गुंतवळ हातात घेतलेला प्रधान म्हणाला, “मह... महाराज, हे टेलरमास्तर. म्हणजे राजशिंपी.”

“काय रे राजशिंप्या, हा झगा कुणाच्या मापाचा?”

“महाराजांच्याच,” मास्तर पालथ्या अवस्थेत म्हणाले. “म्हणजे... पुढेमागे होणाऱ्या महाराजांच्या.”

सभागृहात पुन्हा हशा पिकला. राजा काही हसला नाही.

“राजा अजून वाढायचाय असं वाटतं तुला?”

“वाढायचाच की! परवापर्यंत तर पाळण्यात होता!”

“परवा होता!” राजाचा आवाज किंचित कापला. “आणि उद्या कुणी का असेना! तू एकदा आज बघ की!”

मास्तरांनी मान वर करून पाहिलं. जमिनीवरून दिसत होती ती एक उंच मुलगी. हनुवटी आईची, भुवया त्यांच्या स्वतःच्या, आणि डोळ्यांत रागाने आलेलं पाणी. ही एवढी झाली कधी? आपण रोज घरातच होतो, रोज हिला बघत होतो! पण बघताना नजर कायम पुढच्या वर्षाच्या मापावर. सगळी वर्षं आपण दुमडून आत ठेवत गेलो की काय? टेप आटली नव्हती तर!

“चुकलो, महाराज,” ते म्हणाले, आणि यात नाटक अजिबात नव्हतं.

राजाने नाक वर ओढलं. “याला सोडा. शिक्षा एवढीच, की आजपासून राजा रेडीमेड घालणार!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की शिपाईकाका दचकले आणि त्या दचक्यात योग्य तो पडदा पडला.

शिक्षा लगेच अंमलात आली. रेडीमेडच्या दुकानात चिमणी आणि आई कपडे बघत होत्या, आणि मास्तर एकेका शर्टाची आतली शिवण उलटवून च्यक च्यक करत होते. चिमणीने एक पँट निवडली. मास्तरांनी मुकाट्याने पिशवी धरली आणि घरी येईपर्यंत ती अंगापासून लांब धरली.

दुसऱ्या दिवशी चिमणी दुकानात आली. या वेळी हात कमरेवर नव्हते.

“बाबा, ही जरा लांब होतेय. आखूड करून द्याल?”

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं! पण ते आता पूर्वीचे मास्तर राहिले नव्हते. त्यांनी टेप लावली, खडूची खूण केली, पुन्हा टेप लावली.

“आजच्या मापाची ना?”

“आजच्या.”

मास्तरांनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि कचाकच खालचं जादा कापड कापून टाकलं! आयुष्यात पहिल्यांदा! बायकोची सुई हवेतच राहिली.

चिमणीने पँट घालून पाहिली. सुतासारखी सरळ, घोट्याशी नेमकी! ती आरशासमोर इकडून वळली, तिकडून वळली. मग खाली वाकली आणि पायाची कड उलटवून बघू लागली.

“बाबा, इथलं उरलेलं कापड?”

“कापलं!” मास्तर अभिमानाने म्हणाले. “बोटभरही ठेवलं नाही!”

“कापलं?” चिमणी किंचाळली. “अहो बाबा, मी अजून वाढतेय की! पुढच्या वर्षी ही तोकडी होणार!”

तोकडी! मास्तर मटकन स्टुलावर बसले. बायकोने केराच्या टोपलीतून दोन्ही तुकडे उचलले, झटकले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले.

“जोडून देऊ?” मास्तरांनी चाचरत विचारलं. “आतून, थोडंसं दुमडून?”

“द्या,” चिमणी म्हणाली. “पण ती पोत्याची शिवण नको!”