आरवणारा जनरेटर

एका जंगलात वीज होती. हसू नका, बाळांनो. खांब होते, तारा होत्या, तक्रार नोंदवायला एक खिडकीसुद्धा होती. ती बंद असायची, एवढंच.

त्या जंगलात रानकोंबड्यांची वस्ती होती. वस्तीचे प्रमुख तुरेराव. जो आवाज करतो तोच काम करतो, असा त्यांचा ठाम समज. सूर्य आपल्या आरवण्याने उगवतो, हे त्यांनी रोज पहाटे स्वतः तपासलं होतं. वस्तीत जावई पसंत करायचा तोही बांग ऐकून. बाकी चौकशी कुणी करत नसे.

सुनांचं मात्र उलट. पहिलं अंडं घालेपर्यंत नव्या सुनेने वडीलधाऱ्यांपुढे चोच उघडायची नाही, अशी चाल होती. तुरेरावांची धाकटी सून कवडी नुकतीच लग्न होऊन आली होती. ती गप्प असायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. बोलायचं नसलं की बघायला भरपूर वेळ मिळतो.

वस्तीची अठरा अंडी उबवणी यंत्रात होती. कोंबड्या स्वतः का नाही बसल्या, म्हणता? अहो, त्यांना महिला मंडळ होतं, भिशी होती, कमरेचे व्यायाम होते. बसायची सवयच मोडली होती. त्या अठरांपैकी चार अंडी कवडीच्या थोरल्या जाऊबाईंची, सुंद्रीची. तिची पहिलीच. एकोणिसावा दिवस चालू होता. आणखी दोन दिवसांत पिल्लं बाहेर येणार होती.

नेमकी तेव्हाच हत्तीच्या पाठीला खाज सुटली आणि त्याने विजेचा खांब निवडला.

खांब आडवा झाला. ‘तीन दिवस वीज नाही’ असा कागद खिडकीवर चिकटला आणि खिडकी पुन्हा बंद झाली.

“अंडी गार पडतील हो माझी!” सुंद्रीने सूर लावला.

तुरेराव लवाजमा घेऊन मुंगसाच्या दुकानात गेले. मागे कवडी. तिचं माहेर त्याच दुकानामागच्या करवंदीच्या जाळीत होतं. मुंगसाचं बोलणं ऐकतच ती मोठी झाली होती.

मुंगसाने दोन जनरेटर पुढे ठेवले. एक लोखंडी सांगाड्यातला, चौघांनी उचलायचा. दुसरा बॅगेएवढा, वर धरायला मूठ.

“काय चालवायचंय, तुरेराव?”

“जनरेटर!”

“तो चालेल हो. त्याच्यावर काय चालवायचंय?”

“उबवणी यंत्र.”

“मग हीटर दोनशे वॅट, पंखा चाळीस. पंखा सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतो. धरा साडेतीनशे. हा छोटा सलग नऊशे देतो. पाटीवर हजारही लिहिलंय, पण ते क्षणभराचं. घेताना लहान आकडा बघायचा.”

“आणि हा मोठा?”

“तो पाच हजारांचा. लग्नाच्या मांडवाला ठीक. त्याच्या इंजिनाचा वेग हलला की वीज हलते. छोट्यात इन्व्हर्टर आहे. तो इंजिनाची ओबडधोबड वीज आधी एका दिशेने वाहती करतो, मग तिच्यातून घरात येते तशी गुळगुळीत वीज नव्याने घडवतो. त्यामुळे इंजिनाला एकाच वेगाने धावत बसावं लागत नाही. भार कमी असला की ते सावकाश चालतं. पेट्रोल कमी, आवाज कमी. नाजूक यंत्राला हाच बरा.”

“चालू करून दाखव.”

मुंगसाने छोट्याची दोरी ओढली. तुरेरावांनी कान लावला.

“झाला चालू?”

“झाला की.”

“मग बोलत का नाही? आजारी आहे का?”

मग मोठा सुरू झाला. झाडावरचं माकड खाली आलं. ससे बिळात गेले. तुरेरावांचा तुरा ताठ उभा राहिला.

“याला म्हणतात खानदान!”

मोठा वस्तीत आला. चौकातल्या ओट्यावर बसला, हळदकुंकू झालं. उबवणी यंत्र त्याला जोडलं. आतला दिवा एकदा भगभगला, एकदा मिणमिणला. यंत्रावरचा विजेचा काटा खालीवर नाचू लागला आणि धोक्याची शिट्टी कर्कश वाजू लागली.

“ऐका!” तुरेराव गहिवरले. “यंत्रसुद्धा आरवायला लागलं!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुंद्री तेवढी यंत्राला चिकटून उभी होती. कवडीने तिच्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि तडक दुकान गाठलं.

“मुंगूसकाका, छोटा द्या.”

“कवडे, सासरी विचारलंस?”

“विचारायला तोंड उघडावं लागतं.”

मुंगसाने छोटा आणून दिला. वर बजावलं, “घरात ठेवू नको हं. धुरातल्या विषाला रंग नसतो, वास नसतो. पेट्रोल भरताना बंद कर, निवू दे.”

कवडीने छोटा उबवणी यंत्रापासून वीस पावलांवर, उघड्यावर ठेवला, धुराचं तोंड पलीकडे केलं. तिथून जाड वायर आणली. मोठ्याची वायर काढली, छोट्याची लावली. काटा स्थिर झाला. शिट्टी थांबली. सुंद्रीने श्वास सोडला.

“अगं, सांग ना मामंजींना!”

“सांगते की, जाऊबाई. पण ऐकू येईल का त्यांना?”

ओट्यावर मोठा धडधडत होता. त्याला आता काहीच जोडलेलं नव्हतं. दोन दिवस तो पेट्रोल पीत जीव तोडून ओरडत होता.

एकविसाव्या दिवशी अंडी तडकली. अठरा पिल्लं. सुंद्रीची चारही. तिने एकेकाला पंखाखाली ओढलं आणि कवडीचा पंख चोचीत गच्च धरून ठेवला.

तुरेरावांनी मोठ्याला हार घातला. भाषण केलं. ते इंजिनाच्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही, त्यामुळे फार गाजलं. वस्तीने ठराव केला, की यापुढे प्रत्येक घराने असाच एकेक घ्यावा. कवडीने ठरावाला मान हलवली आणि छोट्यात पेट्रोल भरायला गेली.

तात्पर्य : जनरेटर घेताना वॅट बघू नका, आवाज बघा. आणि चुकून एखादा शांत, कामाचा घेतलाच, तर शेजारी एक मोठा धडधडता ठेवा. हार घालायला घरात काहीतरी लागतंच.