तान्ह्याचा निर्जळी उपास

रागिणीचं बाळ रडलं, की शेजारच्या इंदूबाई मधाची बाटली घेऊन हजर. "लेकराले पुरून नाई राहिलं वं! बोटभर चाटव."

हे ऐकून रागिणीचा धीर खचे. पहिलंच बाळंतपण. "आई, खरंच मायं दूध कमी पडते का वो?"

"नर्सबाईनं काय सांगतलं? जितकं पाजशीन तितकं येईन. सहा महिने दुसरं थेंबभर नाई. घे त्याले जवळ," सासूबाई पार्वताबाई समजावत.

पण इंदूबाईंना तोंडावर नाही म्हणणं पार्वताबाईंच्या स्वभावात नव्हतं, आणि खोटं बोलणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं. एका चतुर्थीला इंदूबाई पुन्हा बाटली घेऊन आल्या. पार्वताबाईंनी आत जाऊन गणपतीपुढे पाणी सोडून बाळाच्या नावानं, ते सहा महिन्यांचं होईपर्यंतचा, रीतसर संकल्प केला आणि बाहेर येऊन हळूच म्हणाल्या, "मध नोको इंदूबाई. लेकराले उपास हाय."

"अवं, मध उपासाले चालते!"

"कडक हाय."

"मंग घोटभर पाणी?"

"निर्जळी."

"बाप्पा! अन् दूध?"

"मायचं चालते."

वऱ्हाडात लोक शब्द मोडतील, सोयरीक मोडतील. पण दुसऱ्याचा उपास मोडायचं पाप कोणी डोक्यावर घेत नाही. इंदूबाईंनी बाटलीचं झाकण लावलं आणि बाळाच्या पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी अर्धं अंजनगाव दर्शनाला. उपासकऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? कोणी भगर आणली, कोणी राजगिऱ्याचे लाडू, कोणी शिंगाड्याचा शिरा. सासरे वामनराव दारातल्या चपला लावून थकले. "अवं, हा फराळ कोण खाईन?"

"ज्याचा उपास त्याची माय," म्हणत पार्वताबाईंनी ताट रागिणीपुढे सरकवलं. "खाय बाई. तुयाच वाटेनं पोचते त्याले."

रागिणी खात गेली, पाजत गेली. आता बाळ रडलं, की इंदूबाईच भिंतीपलीकडून ओरडत, "पाज वं त्याले! उपासाचं लेकरू हाय!" बाळ गुबगुबीत होत गेलं, तशा त्या चक्रावल्या. "निर्जळी उपासानं सुटलेलं मानूस पयलंच पायलं मी!"

बाळाला सहा महिने भरले आणि उद्यापन झालं. मऊ वरणभाताचा पहिला घास भरवायचा मान इंदूबाईंना. बाळानं तो जिभेवर घोळवला, त्यांच्या नव्या लुगड्यावर थुंकला आणि रागिणीचा पदर ओढला.

इंदूबाईंनी हात जोडले. "पार्वताबाई, महाराजानं उपास वाढवला वं!"

रागिणीनं बाळाला पदराखाली घेतलं. "वाढवू द्या मावशी. इथं काई कमी नाई."